पथकाच्या टी-शर्टवर देवनागरी नाव: टाके निवडतानाचा माझा अनुभव

ढोल-ताशा पथकाच्या टी-शर्टवर डाव्या छातीला ढोल आणि खाली देवनागरीत नाव, एवढंच मशीनवरच्या भरतकामाचं काम. पंचिंग (चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणं) बाहेरून करून घेण्याऐवजी इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये इंक-स्टिच हे भरतकामाचं एक्स्टेन्शन टाकून स्वतःच बसले. सॉफ्टवेअर फुकट आहे, पण कुठे कोणता टाका घ्यायचा हे आपणच ठरवायचं.

ढोलाचं पिंप रुंद, तिथे फिल, म्हणजे ओळीओळींनी जागा भरणारे टाके. फार विचार नाही. फक्त ओळींमधलं अंतर आपोआप 0.25 मिमी येतं, ते होजिअरी कापडाला फार दाट. 0.4 केलं, नाहीतर छातीवर पुठ्ठा शिवल्यासारखं वाटतं. ढोलाच्या दोऱ्या साध्या रनिंगमध्ये (एकेरी धावदोऱ्यात) पुसट दिसायच्या, म्हणून बीन स्टिच. त्यात सुई तोच टाका पुढे-मागे-पुढे घेते आणि दोरी ठसठशीत उठते.

अक्षरांना साटीन, म्हणजे पट्टीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाणारे टाके, हे ठरलेलंच. पण पट्टी 1 मिमीपेक्षा अरुंद झाली की सुई जवळजवळ त्याच भोकात पडते आणि दोरा तुटतो. उलट 7 मिमीच्या पुढे टाके लोंबतात, कशातही अडकतात. पोरांना नाव बारीक, नाजूक हवं होतं. म्हटलं, नाजूक पाहिजे तर छपाई करा! शेवटी अक्षरं मोठी करायला तयार झाले.

सगळ्यात जास्त वेळ शिरोरेषेने खाल्ला. फॉन्टमधून प्रत्येक अक्षराची रेषा त्याच्यासोबत सुटी येते. टाका ज्या दिशेने पडतो त्या दिशेने कापड आत ओढलं जातं. शिरोरेषेचे टाके उभे, त्यामुळे ती वर-खाली आकसते आणि काना तिच्यापासून सुटा पडून मधे फट दिसते. म्हणून अक्षरांवरच्या सुट्या रेषा काढून टाकल्या. आधी सगळे काने आणि दंड, त्यांची टोकं वर रेषेच्या जागेत घुसवलेली; मग पूर्ण शब्दावर एकच सलग शिरोरेषा. पुल कॉम्पेन्सेशन (आकसणं भरून काढायला दिलेली जादा रुंदी) 0.2 मिमी, खाली मधोमध एका ओळीचा अंडरले (आधाराचे टाके). अनुस्वार कागदावर दिसतो त्यापेक्षा जरा वरच ठेवला, कारण दोरा फुगला की तो रेषेला चिकटतो. वेलांटीच्या वळणावर मात्र टाक्यांची दिशा हातानेच फिरवावी लागली. आपोआप येते ती मला पटत नाही.

नमुना टी-शर्टच्याच कापडावर, मागे कट-अवे बॅकिंग (उरलेलं कापून टाकायचं, टाक्यांमागे कायम राहणारं अस्तर) लावून काढला. फाटणारा कागद होजिअरीला पुरत नाही. मशीनला द्यायच्या डीएसटी फाइलमध्ये रंग जात नाहीत, म्हणून मशीनवाल्या दादांना चिठ्ठी दिली: आधी तपकिरी पिंप, मग पांढऱ्या दोऱ्या, शेवटी भगवं नाव.