नारदाची पदं आणि त्यानंतर

स्मरणिका समितीने निरोपासोबत विषयही धाडला होता : 'शाळेने लावलेली नाट्यसंगीताची गोडी'. आमच्या बॅचला मी 'नाट्यगीतवाला' म्हणूनच आठवतो, तेव्हा विषय योग्य माणसाकडे आला. पण ती गोडी आज माझ्यात राहिलेली नाही, आणि शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकात ती आहे असं लिहायला हात धजत नाही. ती कशी लागली आणि कशी ओसरली, दोन्ही लिहितो. दोन्हींत शाळेचा वाटा आहे.

लागली सातवीत. संगीताच्या बाईंनी स्नेहसंमेलनासाठी 'सौभद्र' या संगीत नाटकाच्या पहिल्या अंकातला अर्जुन-नारदाचा प्रवेश बसवायला घेतला. गळा पातळ आणि चढा, म्हणून नारद माझ्याकडे आला. बाईंच्या तालमीत सुरुवातीचे कितीतरी दिवस पेटी उघडलीच जायची नाही. "पद म्हणजे नारदाचं बोलणं आहे. आधी बोल, मग गा," म्हणायच्या. सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरलंय, ही बातमी नारदाला अर्जुनाच्या कानी घालायची आहे. ती घालताना त्याला आतून किती मजा वाटतेय हे बोलण्यात येईपर्यंत चालीचं नाव नाही. आम्ही पोरं कंटाळायचो. मग एक दिवस पेटीचं झाकण उघडायचं आणि चाल दोन तासांत बसायची, कारण शब्द कुठे थांबतात, कुठे धावतात ते तोवर अंगात भिनलेलं असायचं.

ती पेटी माझ्या डोळ्यांसमोर आहे. भात्याला खाकी चिकटपट्टी. वरच्या सप्तकातला पंचम दाबला की पट्टी खालीच रुतून बसायची आणि सूर केकाटत राहायचा. बाई डाव्या हाताने भाता मारता मारता उजव्या करंगळीने ती पट्टी उचलायच्या, बाकीची बोटं पुढच्या सुरांवर चालूच. लय जराही हलायची नाही.

संमेलन कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात झालं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते पॅलेस थिएटर; त्याला ज्यांचं नाव दिलं ते गायक-नट केशवराव याच गावचे. शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान. एकाच माणसाने पैलवानांची आणि गवयांची सोय शेजारी शेजारी केली, याचा कोल्हापूरकर म्हणून मला आजही अभिमान आहे. त्या रंगमंचावर वीणा हातात धरून मी पहिलं पद घेतलं आणि मागच्या रांगांतून 'वन्समोअर' आला. पडदा पडल्यावर मंगळवार पेठेतले एक आजोबा विंगेत येऊन म्हणाले, "काय गायलंस रे पोरा! उद्या घरी ये, तबकड्या ऐकवतो."

आजोबांकडे चावीचा फोनो होता. ७८ च्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात मुखडा, अंतरा आणि शेवटी ताना, सगळं बसवायचं. सुई घसरली तर आजोबा कळवळायचे. त्यांच्याच तोंडून मी 'संयुक्त मानापमान'ची, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेल्या 'मानापमान' नाटकाच्या प्रयोगाची हकिगत ऐकली. ८ जुलै १९२१ ला मुंबईत केशवराव आणि बालगंधर्व टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर उभे राहिले, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, वय अवघं एकतीस. आजोबा हे असं सांगायचे, जणू घरातलंच माणूस गेलं. पुढची तीन वर्षं मी दुसरं काही ऐकलं नाही. सांगली आकाशवाणीवर नाट्यगीत लागलं की हातातला घास हातात राहायचा.

दहावीच्या तोंडावर गळा फुटला. जो आवाज वर सहज जायचा, तो मध्येच दोन तुकडे व्हायचा. संमेलनात यंदा कोण गाणार यावर चर्चा सुरू झाली आणि मी संगीताच्या वर्गाकडे जाणं टाळू लागलो. बाईंनी एका मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं आणि थोर शास्त्रीय गायक अल्लादियाखाँसाहेबांची गोष्ट सांगितली. ऐन उमेदीत खाँसाहेबांचा आवाज बसला, पूर्वीचा गळा परत आलाच नाही. मग जो आवाज हाती उरला त्याला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. तेच खाँसाहेब पुढे शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि जयपूर-अत्रौली गायकी कोल्हापुरात रुजली. "तू गाऊ नकोस सध्या. ऐक," बाई म्हणाल्या आणि देवल क्लबच्या शास्त्रीय गाण्याच्या बैठकीला घेऊन गेल्या. १८८३ पासूनची संस्था, पण मी तोवर तिथे पाय ठेवला नव्हता.

त्या रात्री एकच राग तासभर चालला. मला काहीही कळलं नाही. तान कधी येते याची वाट बघत बसलो, आणि ती आली तेव्हा ओळखूही आली नाही, कारण ती बंदिशीच्या आत, शब्दांना धरून, आकारात वळण घेत समेपर्यंत, तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंत गेली. टाळी घ्यायला ती थांबलीच नाही. घरी जाताना मी बाईंना म्हटलं, एकसुद्धा वन्समोअर नाही! त्या नुसत्या हसल्या.

कॉलेजात मल्लिकार्जुन मन्सूरांच्या कॅसेट हाती आल्या. खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि भुर्जीखाँकडे शिकलेले बुवा. अनवट राग, मधली लय, आणि पुढच्या समेवर गाणं कुठून उतरणार याचा अंदाजच लागू नये अशी मांडणी. हळूहळू मी नाट्यगीताची कॅसेट लावायचा कमी झालो. कोणत्या दिवशी सुटलं ते सांगता येत नाही. पद लावलं की वाटायचं, राग आत्ता कुठे उघडतोय तोवर हे संपलंसुद्धा. उसाचा रस पिऊन झाल्यावर चहा जसा लागतो, तसं काहीसं झालं होतं. चहात खोट काहीच नसते.

एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि भास्करबुवा खाँसाहेबांचे शिष्य. 'मानापमान'च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे तर कोल्हापूरचेच, खाँसाहेबांच्या सहवासातले. म्हणजे लहानपणी मी जे ऐकून वेडा झालो, त्याच पाण्याच्या उगमाकडे मी गेलो होतो. यात नाट्यसंगीताचा काही अपमान झाला असं मला वाटत नाही. आमच्याकडे आवड बदलली की माणसाला कृतघ्न ठरवतात. 'पूर्वी काय गायचास, आता नाट्यगीताचं नावही काढत नाहीस' हे मी लग्नकार्यांत पुष्कळ ऐकलंय. पण आवड काही शपथ घेऊन ठेवलेली नसते.

दुसरं कारण मला जास्त बोचतं. नाट्यगीतांच्या रजनी मी बऱ्याच ऐकल्या. उत्तम गळे, उत्तम साथ, निवेदकाचे चार शब्द आणि मग पद. नारद नाही, अर्जुन नाही, बातमी नाही, म्हणून गाणाऱ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. उरते ती तानांची चढाओढ. बाईंनी आम्हाला ज्यासाठी आठवडे पेटीपासून लांब ठेवलं, नेमकं तेच त्यात नसतं. रसिकांना कान राहिला नाही म्हणून नाट्यसंगीत मागे पडलं, हे मला पटत नाही. पद नाटकातून काढून वेगळं ठेवलं, त्याची ही किंमत आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. अख्खं गाव हळहळलं, मीही सकाळी जाऊन बाहेर उभा राहिलो आणि खूप रडलो. घरी येऊन आजोबांच्या तबकड्या काढल्या, त्यांनी जाताना मला दिलेल्या. एकेक लावत गेलो. दुःख खरं होतं, शब्द सगळे पाठ होते, पण कान परत आला नाही. तिसऱ्या तबकडीनंतर फोनो बंद केला.

त्या तबकड्या, फोनो आणि सुयांची डबी मी शाळेच्या संगीत वर्गाला देतो आहे. फोनो नीट चालतो. चावी मात्र सावकाश फिरवावी. सोबत एक मागणी आहे, समितीने आणि मुख्याध्यापकांनी ती मनावर घ्यावी. पुढच्या संमेलनात नाट्यगीत ठेवणार असाल तर सुटं पद ठेवू नका, प्रवेश ठेवा. सातवीतला कुणी पातळ गळ्याचा पोरगा बघा, त्याला आधी नारदाची बातमी बोलू द्या. तालमीला कुणी हवं असेल तर मी शनिवारी दुपारी मोकळा असतो.