सोडलेल्या ट्राउटची गळनोंद: लीडर वाढवला, गोळी मोजली

मागच्या नोंदीपर्यंत मांडणीचा सांगाडा ठरला होता. या वेळी फक्त सिंकरच्या (दोरी तळाशी नेणाऱ्या वजनाच्या) पुढचा भाग बदलला आहे. लीडर, म्हणजे गळाला बांधलेला दोरीचा शेवटचा बारीक तुकडा, ४५ सेंमीवरून ७५ सेंमी केला, १२ नंबरच्या एकेरी गळाच्या जागी १६ नंबरचा तिहेरी गळ आला आणि तरंगत्या पिठाच्या आमिषाची गोळी अंदाजाने न करता मोजून करायला सुरुवात झाली. आमिषाच्या रंगावर आणि वासावर पुष्कळ बोललं जातं. पण हॅचरीत (मासे पैदास केंद्रात) वाढवून पाण्यात सोडलेल्या रेनबो ट्राउटसाठी आधी दोन गोष्टी पाहायच्या: आमिष तळापासून किती वर उभं आहे, आणि तोंडात घेतल्यावर माशाला वजन लागतं का. या दोन गोष्टी जमल्या की पिवळं की हिरवं यावर बोलू.

याचं कारण माशाच्या सवयीत आहे. हॅचरीतला मासा पिल्लू असल्यापासून वरून पडणाऱ्या दाणेदार खाद्यावर वाढतो, तळ उकरून खायची गरज त्याला कधी पडलेलीच नसते. सोडल्यावर पहिले काही दिवस तो बहुधा थव्याने, सोडलेल्या जागेच्या आसपास काठ धरून फेऱ्या मारतो आणि डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित वर जे दिसेल ते तोंडात घेऊन बघतो. चिखलावर पडलेली किंवा शेवाळात रुतलेली गोळी त्याच्या खालून निघून जाते. म्हणून एवढी खटपट त्या ७५ सेंमीसाठी.

सध्याची मांडणी

मुख्य दोरी ४ पौंडी (चार पौंडांची ओढ सोसणारं) नायलॉन, जाडी साधारण ०.२० मिमी. त्यात ७ ग्रॅमचा, आरपार भोक असलेला अंड्याच्या आकाराचा सिंकर मोकळा सरकता. त्याच्यामागे ५ मिमीचा प्लास्टिकचा मणी, मग १२ नंबरचा स्विव्हल (दोन्ही टोकांनी फिरणारी कडी). स्विव्हलच्या दुसऱ्या टोकाला २ पौंडी लीडर आणि त्याच्या शेवटी गळ. मणी हौसेसाठी नाही. तो नसेल तर सिंकर प्रत्येक फेकीत थेट स्विव्हलच्या गाठीवर आपटतो आणि दहा-पंधरा फेकींत गाठ चेपून खरखरीत होते. गाठ नखावर ओढून पाहिली की लगेच कळतं.

स्विव्हल मोठा घेऊ नका. १२ नंबर पुरतो. त्याचं काम दोनच: सिंकरला अडवायचं आणि दोरीचा पीळ सोडवायचा.

लीडर मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीचाच हवा. गळ तळाशी अडकला तर फक्त लीडर तुटतो; सिंकर, मणी, स्विव्हल परत येतात आणि पाण्यात सोडलेलं तंगूसही कमी राहतं. ड्रॅग (किती ओढीला रीळ दोरी सोडेल ती अडवण) लीडरच्या हिशोबाने लावायचा, मुख्य दोरीच्या नाही. २ पौंड म्हणजे साधारण ९०० ग्रॅम, तेव्हा २५० ते ३०० ग्रॅमच्या ओढीला रीळ सुटायला हवं. स्प्रिंगचा काटा दोरीला लावून एकदा मोजलं की हाताला अंदाज बसतो.

फ्लुरोकार्बन की नायलॉन

लीडर या दोन प्रकारच्या दोऱ्यांपैकी कशाचा करायचा, यात सर्वांत जास्त वेळ गेला. नायलॉनची घनता १.१४ च्या आसपास, फ्लुरोकार्बनची १.७८. ०.१५ मिमी जाडीचा ७५ सेंमी लीडर धरला तर पाण्यातलं वजन फ्लुरोकार्बनचं साधारण एक शतांश ग्रॅम आणि नायलॉनचं त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकं येतं. आकडा क्षुल्लक दिसतो. पण जी गोळी गळाला कशीबशी उचलून धरते आहे, तिला हा भारही जाणवतो. ०.२५ मिमीचा फ्लुरोकार्बन लावला तर भार जवळजवळ तिप्पट होतो, कारण वजन जाडीच्या वर्गाने वाढतं. म्हणून तरंगत्या आमिषासाठी बारीक नायलॉन किंवा ०.१५ मिमीपर्यंतचाच फ्लुरोकार्बन. अंडी आणि गांडूळ तसेही बुडतात, त्यांना फ्लुरोकार्बन चालतो आणि खडकाळ तळावर तो जास्त टिकतो.

बरणीतली चाचणी

गोळी तरंगते की नाही, हे पाण्यात टाकून माशाला विचारायचं नाही. काचेची उंच बरणी घ्यायची आणि ती त्याच तळ्याच्या पाण्याने भरायची. नळाचं पाणी नको, कारण तापमान बदललं की पीठही वेगळं वागतं: गार पाण्यात घट्ट राहतं, कोमट पाण्यात सैल पडून सुटतं. लीडरचा वीतभर तुकडा गळाला बांधून दुसरं टोक एका छर्ऱ्याला (दोरीवर चिमटून बसवायच्या बारीक वजनाला) लावायचं आणि बरणीत सोडायचं.

बरोबर जमलेली गोळी काय करते, ते एकदा डोळे भरून पाहण्यासारखं असतं. छर्रा तळाला टेकतो, गोळी क्षणभर डगमगते, मग सावकाश वर चढते आणि लीडर ताठ उभा राहतो. तिहेरी गळाचा दांडा खाली, लीडरच्या बाजूला, आणि गोळीचा फुगीर भाग वर. बरणीला टिचकी मारली की ती झुलते आणि पुन्हा जागेवर येते. माशाला नेमकं हेच दिसायला हवं.

न जमलेल्या गोळीच्या तीन तऱ्हा. बुडाली तर पीठ कमी आहे. मधेच आडवी लटकली तर तरंगणं काठावर आहे, प्रवाहात ती टिकणार नाही. सुरुवातीला उभी राहून पाचेक मिनिटांत खाली आली तर पाणी आत शिरतंय: पीठ जुनं आहे, भेगाळलंय किंवा नीट दाबलेलं नाही. निदान पंधरा मिनिटं बरणीसमोर बसा. पहिल्या मिनिटात सगळ्याच गोळ्या छान दिसतात.

गोळी बुडली की गळ बदलायची घाई नको, आधी व्यास १ मिमीने वाढवा. ८ मिमीच्या गोळीचं आकारमान ०.२७ घनसेंमी, १० मिमीचं ०.५२. म्हणजे २ मिमीत उचलण्याची ताकद जवळजवळ दुप्पट. १६ नंबरच्या तिहेरी गळाला सुरुवात ९ मिमीपासून करा. १२ मिमीच्या पुढे गोळी गेली तर लहान मासा ती कडेने कुरतडतो आणि गळाची टोकं पिठातच बुडून राहतात.

पॉवरबेटसारख्या तयार पिठाचा आकार थेंबासारखा करायचा, निमुळतं टोक दोरीकडे. आधी बोटं पाण्यात बुडवून पीठ गोल वळा, गळाचा दांडा मधोमध ठेवा, तिन्ही टोकं झाकतील असं पीठ बंद करा आणि शेवटी दोरीकडचा भाग चिमटीत गोल फिरवत निमुळता करा. या निमुळत्या भागापाशी पीठ सैल राहिलं तर फेकताना गोळी इथूनच निसटते. फेकही झटक्याने नको, खालून झुलवून सोडायची. फेकल्यावर पाण्यावर दोन वेगळे थेंब उडाले तर गळ रिकामा बसला असं समजा आणि लगेच गुंडाळा.

गाठ, आणि तुटलेलं टोक वाचणं

गळाला सुधारित क्लिंच: ५ ते ६ वेढे, टोक पहिल्या फाशातून आणि मग मोठ्या फाशातून. घट्ट करण्याआधी थुंकीने ओली करायचीच. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते, दोरी तिथे पांढुरकी होते आणि ताकद बरीच कमी होते. फ्लुरोकार्बनला हे जास्त सोसत नाही. टोक २ मिमी ठेवून कापा.

लीडर तुटून आला तर टोक फेकून देण्याआधी उजेडात धरून पाहा. डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ सरकली: वेढे कमी पडले किंवा गाठ बसली नव्हती. टोकाजवळचा बोटभर भाग खरखरीत असेल तर दगडावर घासली. टोक सरळ आणि बाकी दोरी गुळगुळीत असेल तर ताण जास्त झाला, ड्रॅग सैल करा. कारण न बघता तीच गाठ पुन्हा बांधली तर पुढचा मासाही त्याच जागी सुटतो.

उंची ठरवताना

लीडरची लांबी म्हणजे आमिषाची उंची, पण पाणी स्थिर असेल तरच. पाण्याला ओढ असली की लीडर तिरपा होतो आणि ७५ सेंमीचे प्रत्यक्षात ४०-५० उरतात. तळाशी वीसेक सेंमी शेवाळ असेल तर ४५ सेंमीच्या लीडरचा वरचा अर्धाच कामाचा. याच कारणाने लांबी वाढवली. ९० सेंमीच्या पुढे मात्र दोन अडचणी येतात: सहा-सात फुटी रॉडने फेकायला आवरत नाही, आणि हवेत गोळी मागे राहून लीडर मुख्य दोरीभोवती गुंडाळला जातो. गुंता टाळायचा तर सिंकर पाण्याला टेकण्याच्या क्षणभर आधी सुटणाऱ्या दोरीवर बोट टेकवा. सिंकर थबकतो, लीडर पुढे पसरतो.

तापमानावरही लक्ष हवं. रेनबो ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस मानवतं. २० अंशांच्या वर तो थकतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: समुद्रसपाटीवर १० अंशांना लिटरमागे सुमारे ११.३ मिग्रॅ, २० अंशांना ९.१. अशा दिवशी मासा पकडून सोडायचा विचार असेल तर गळ टाकूच नये. तो पोहत गेलेला दिसतो, पण पुष्कळदा नंतर मरतो.

ओढ

सरकता सिंकर सरकत नसेल तर वरची सगळी मेहनत वाया. भोकात वाळू अडकते, मऊ चिखलात सिंकर रुततो, आणि बऱ्याचदा दोरी इतकी ताणून ठेवलेली असते की मासा चावताक्षणी रॉडच्या टोकाशी झुंजायला लागतो आणि आमिष थुंकतो. फेकल्यावर दोरी हलकेच ताठ करा, मग रॉडच्या टोकापासून पाण्यापर्यंत ३० सेंमीचा झोळ राहू द्या. झोळ सरळ होऊ लागला की तीन-चार सेकंदांत रॉड उचला. हिसका नको, उचलणं पुरे. २ पौंडी लीडर हिशेबापेक्षा जास्त जोर सोसत नाही.

जास्त वाट पाहिली तर गळ पोटात जातो. असं झालं आणि मासा सोडायचा असेल तर गळ उपसत बसू नका. लीडर तोंडाजवळ कापा. ओढून काढण्यापेक्षा तसा मासा जगण्याची शक्यता जास्त असते. ज्या पाण्यात सोडायचाच नियम आहे, तिथे आमिषाचा तिहेरी गळ नेऊच नका. किती गळ, कोणतं आमिष, तिहेरी चालतो की नाही, याचे नियम प्रत्येक पाण्याचे वेगळे असतात. ते आधी वाचायचे.

गांडूळ आणि अंडी

सोडून आठवडे झालेला मासा किडे-अळ्या खायला शिकतो, तेव्हा पिठापेक्षा गांडूळ बरं. अर्धं गांडूळ, १० नंबरचा एकेरी गळ, टोक मोकळं हलतं. तळावरून उचलायचं तर शेपटीकडच्या भागात सुई लावलेल्या दाबायच्या बाटलीने हवेचा एक छोटा बुडबुडा भरायचा. गांडूळ पाटीवर ठेवून भरा, तळहातावर कधीच नाही. सुई बोटात शिरून हवा आत जाणं धोक्याचं आहे.

सॅमनची अंडी बुडतात, ती तळावर टाकून उपयोग नाही. सरकत्या फ्लोटखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली) १४ नंबरच्या आखूड दांड्याच्या गळावर एकच अंडं. खोली दीड मीटरपासून सुरू करून ३० सेंमीच्या टप्प्यांनी बदला. फ्लोट आडवा पडला तर आमिष तळाला टेकलंय किंवा छर्रे कमी आहेत. मानेपर्यंत बुडला तर ०.४ ग्रॅमचा, बीबी मापाचा एक छर्रा काढा.

हात

हे लहान वाटतं, पण याने पूर्ण दिवस जातो. डास पळवणारं औषध, सनस्क्रीन, पेट्रोल, तंबाखू यांचा वास पिठात मुरतो. डीईईटी असलेलं औषध तर काही प्लास्टिक विरघळवतं, त्यामुळे ते हाताला असताना दोरीला, फ्लोटला किंवा डबीला हात नको. आधी हात बिनवासाच्या साबणाने धुवा, मग तळ्याच्या चिखलाने चोळा आणि मगच डबी उघडा.

पुढच्या फेरीसाठी

शिशाचा सिंकर बदलायचा आहे. गिळलेल्या शिशाने पाणपक्षी मरतात, म्हणूनच इंग्लंडमध्ये १९८७ साली शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी आली. टंगस्टनची घनता १९.३, शिशाची ११.३. म्हणजे ७ ग्रॅमचा सिंकर आकाराने बराच लहान होईल, आणि लहान सिंकर मऊ चिखलात जास्त रुततो का, हे बघायचं आहे. दुसरं, १४ नंबरचा एकेरी, बार्ब (टोकाजवळचा उलटा काटा) चपटा केलेला गळ ९ मिमीच्या गोळीत बरणीत पंधरा मिनिटं उभा राहतो का. राहिला तर तिहेरी गळ डबीतून बाहेर काढता येईल.