आधी कासाळे, मग शमेळ

श्रावण, रविवार रात्र. डिचोली, गोवा.

दिवसभर पावसाने उसंत दिली नाही, तरी मंडळाच्या खोलीत घुमट आरतीची, म्हणजे कातडं लावलेल्या मातीच्या घुमट वाद्यावरच्या आरतीची, तालीम झालीच. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की वाड्यावरच्या पोरांना बोलवायला लागत नाही.

आज माझं लक्ष आरतीपेक्षा कोपऱ्यात जास्त होतं. आठवीतली एक मुलगी तिसरीतल्या मुलाचा हात धरून त्याला घुमट शिकवत होती. डावा पंजा मागच्या उघड्या तोंडावर, तो किती झाकला त्यावर नाद बदलतो. उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर थाप. "मनगट सैल सोड रे, मातीचं आहे ते," ती सारखी म्हणत होती. हे वाक्य तिला शिकवणाऱ्या दादाचं, अगदी त्याच सुरात. तो आता नोकरीसाठी पुण्याला असतो.

मंडळात कुणाला 'तू आता शिकव' असं कुणी सांगत नाही, पण वाट ठरलेली आहे. पोर आधी चटया अंथरतं. मग हातात कासाळे, म्हणजे झांज, येतं, कारण लय अंगात मुरल्याशिवाय पुढचं काही जमत नाही. मग शमेळ या तालवाद्याच्या काठ्या, आणि त्यानंतर घुमट. घुमट मिळालं की शेजारी बसलेला छोटा आपोआप त्याच्या वाट्याला येतो. स्वतःला पुरतं यायच्या आतच दुसऱ्याला सांगायची वेळ येते, आणि मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. बोट कुठे अडतं, हे ज्याचं परवापरवापर्यंत अडत होतं त्यालाच नेमकं कळतं. शिवाय छोटा बघतोय म्हटल्यावर मोठ्याची पाठ ताठ होते, शिव्या तोंडातच राहतात.

नुसता ताल पुढे जातो असंही नाही. छोट्याने विचारलं, "आजोबा म्हणतात पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, खरं?" तिने वाजवणं थांबवून नीट सांगितलं: खरं, पण १९७२च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकरीचं. २०१९मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तेव्हा मला आनंद झाला होताच. आजचं हे उत्तर ऐकून त्याहून जास्त झाला.

दिवाळीत नरकासुराचा पुतळा करतानाही हेच घडू शकतं. गवत भरणं, कागद चिकटवणं, सांगाडा बांधणं, प्रत्येक वयाला काम असतं. पण जिथे मुखवटा विकत आणतात आणि उरलेली वर्गणी स्पीकरवर घालतात, तिथे लहानांच्या हाताला काहीच उरत नाही. ती पोरं नुसती रात्रभर जागतात. याबद्दल मंडळाने या वर्षी ठामपणे बोलायलाच हवं.

मोठी मुलं मात्र टिकत नाहीत. कुणी बोटीवर नोकरीला, कुणी बंगळुरूला. लहानांचा गट कोण बघणार, हा प्रश्न दरवर्षी असतो. एके काळी घुमट पुरुषांच्याच हातात असायचं. आता महिलांची पथकं स्पर्धा गाजवतात. मग लहानांचा गट या मुलीकडेच का देऊ नये? पुढच्या बैठकीत मी तिचं नाव सुचवणार आहे. त्याआधी तिच्या आईशी बोलायला हवं. तालमीनंतर रात्री तिला घरी कोण सोडणार, एवढं ठरलं तर ती माउली नाही म्हणायची नाही.