दोन की तीन

नागपुरात लक्ष्मीभुवन चौकाजवळच्या आमच्या व्हिसा सल्ल्याच्या ऑफिसात पहिल्या भेटीला मी एकच कोरा कागद पुढे करते. मुलांची नावं, वयं आणि कोण कुठल्या देशात राहतं, एवढंच लिहायचं. लोक मात्र फिक्स डिपॉझिटच्या पावत्यांची पिशवी घेऊन येतात. व्हिसा म्हणजे बँक बॅलन्स, असं आमच्याच धंद्यातल्या लोकांनी त्यांच्या डोक्यात भरवून ठेवलंय. आई-वडिलांना ऑस्ट्रेलियात कायमचं जायचं असेल तर पैसे नंतर मोजतात, आधी लेकरं मोजतात.

मे महिना होता, कूलर नुसता आवाज करून राहिला होता. काका 69 वर्षांचे, कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर. काकू 64. मोठा मुलगा मेलबर्नला, तिथला नागरिक. मुलगी इथेच, मनीषनगरला. काकांनी कागदावर ही दोन नावं लिहिली आणि पेनाचं टोपण लावलं. काकूंनी त्यांच्या हातातून पेन घेतलं, टोपण काढलं आणि दोघांच्या मधल्या जागेत, ओळ नव्हती तिथे, तिसरं नाव दाटून बसवलं.

मधला मुलगा 2012 मध्ये बापाशी भांडून घरातून गेला, तेव्हा 23 वर्षांचा होता. पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद झाली, पेपरात फोटो आला, शेगावचा नवस झाला. पुढे काही नाही.

आता हिशेब सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. 'बॅलन्स ऑफ फॅमिली' नावाची चाचणी असते. तुमची किमान निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात कायमची राहत असली पाहिजेत, किंवा दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त मुलं पाहिजेत. दोन धरली तर एक तिथे, एक इथे: निम्मी झाली, पास. तीन धरली तर एक तिथे, दोन भारतात: नापास. बेपत्ता मुलगा यातून सुटत नाही. तो शेवटचा जिथे राहत होता त्या देशाच्या खात्यात जातो. वारलेला मुलगा मात्र मोजत नाहीत.

हे शेवटचं वाक्य मी सहज बोलून गेले. नियम समजावायचा म्हणजे पूर्ण समजावायचा, ही माझी सवय. समोर कोण बसलंय ते तेव्हा पाहायला पाहिजे होतं.

टेबलावरच्या मोबाइलमध्ये मेलबर्नचा मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. त्याने हे वाक्य झेललं. "मॅडम, सात वर्षं पत्ता नसला तर कोर्ट मृत धरतं ना?" धरतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 108 होतं, जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 111 झालं. दिवाणी कोर्टातून घोषणा घ्यायची, ती दाखवून महापालिकेतून मृत्यूचा दाखला काढायचा. त्याने सगळं वाचून ठेवलं होतं. माझ्याकडून त्याला फक्त "हो" हवं होतं.

त्याच्या घाईला कारण होतं. आई-वडिलांचे कायमचे चारही व्हिसे, नंबरांनी 103, 143, 804 आणि 864, याच चाचणीतून जातात. साध्या 103 ला आज अर्ज केला तर रांग 30 वर्षांच्या वर. 143 हा मोठे पैसे भरून घ्यायचा; असल्या सगळ्या व्हिसांना मिळून वर्षाला 6,800 च्या आसपास जागा आणि रांग 14 वर्षांच्या वर. 69 वर्षांच्या माणसाला हे आकडे वाचून दाखवताना कूलरचा आवाज बरा वाटतो. पण 864 मध्ये एक वाट आहे. वय 67 किंवा त्याच्या वर पाहिजे आणि अर्ज ऑस्ट्रेलियात असताना करायचा. आधी टूरिस्ट व्हिसावर जायचं, तिथे अर्ज टाकायचा आणि निकाल लागेपर्यंत ब्रिजिंग व्हिसावर तिथेच राहायचं. रांग कितीही लांब असली तरी ती मुलाच्या घरात बसून काढता येते.

मात्र त्या टूरिस्ट व्हिसावर 8503 ही अट नसली पाहिजे. ही अट असली की तिथे बसून दुसरा व्हिसा मागता येत नाही, आणि आई-वडिलांच्या व्हिसावर ती बऱ्याचदा असते. ग्रँट लेटर लोक व्हॉट्सअॅपवर नाचवतात, त्यातला अटींचा भाग कोणी वाचत नाही. मी चार हजार रुपये फी घेते ती खरं तर तेवढं वाचायचीच. 864 ला शेवटी माणशी 43,600 ऑस्ट्रेलियन डॉलरचा मोठा हप्ता, म्हणजे दोघांचे मिळून पन्नास लाखांच्या घरात. मुलगा तेही भरायला तयार होता.

काका तेव्हा पहिल्यांदा बोलले. गावातल्या एका एजंटने त्यांना आधीच सांगितलं होतं, तिसऱ्याचं नावच टाकू नका, कोण पाहतं? पहिल्या दोन नावांवर पेन का थांबलं होतं, ते मला आत्ता कळलं. रेशनकार्डावर नाव आहे, पोलिसांत नोंद आहे. उद्या निघालं की 4020 लागतो, खोट्या माहितीचा नियम: अर्ज बाद आणि तीन वर्षं दार बंद. फी घेणाऱ्याला त्याचं काही नाही. असे लोक आहेत म्हणून मला रोज दुप्पट बोलावं लागतं.

"मग कोर्टच करू," मुलगा म्हणाला. "आई, फक्त एक ॲफिडेव्हिट आहे. इतक्या वर्षांत काही कळलं नाही, एवढंच लिहायचं."

काकूंनी पदराने चष्मा पुसला. "पण कळलं नाही असं कसं लिहू? मागच्या तान्ह्या पोळ्याला फोन आला होता नं. मारबत पाहून घरी आलो आणि वाजला. मी हॅलो हॅलो केलं. तिकडून कोणी बोललंच नाही. पण ठेवला पण नाही लवकर."

"आई, कॉल सेंटरवाले असतात ते."

"लँडलाइनवर?"

मी काय बोलणार? कायद्याच्या भाषेत तो फोन काहीच नाही. न बोलणाऱ्या फोनवरून कोणी जिवंत ठरत नाही. पण प्रतिज्ञापत्रावर सही करणाऱ्या बाईला मनातून ते खोटं वाटत असेल, तर तिला 'करा' म्हणायचा अधिकार मला कोणी दिला?

"ती करत नसेल तर मी करतो सही," काका म्हणाले.

"करा नं. मग फोटोला हार पण तुम्हीच घाला."

मेलबर्नचा फोन म्यूट झाला. नेटवर्क गेलं असेल, असं आम्ही तिघांनी धरलं.

मग मी 870 काढला. तात्पुरता पालक व्हिसा, 2019 पासूनचा. यात लेकरं मोजत नाहीत. आधी मुलाला स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यावी लागते, त्याचं करपात्र उत्पन्न वर्षाला 83,000 डॉलरच्या वर पाहिजे. तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, एकूण दहा वर्षांपर्यंत. पाच वर्षांची फी माणशी 10,000 डॉलरच्या वर, आरोग्य विमा आपला आपण, नोकरी करायची नाही, आणि यातून कायमचं काही मिळत नाही. मुलगा वैतागला: एवढे पैसे घालून दहा वर्षांनी परत पाठवायचं? त्याचं चूक नव्हतं. दहा वर्षांनी काका 79 चे असतील, तेव्हाच माणसाला मुलगा जवळ लागतो. फाइल म्हणून पाहिलं तर 864 चांगला होता, आणि वकिलाचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी तो दिला नाही. बरोबर केलं की नाही, अजून सांगता येत नाही. दुसऱ्या कोणी दिला असता आणि ते कदाचित सुखाने तिथे राहिले असते.

दुसऱ्या दिवशी मुलगी कागदपत्रं द्यायला आली. या सगळ्यात तिला कोणी काही विचारलंच नव्हतं, ती फक्त 'भारत: 1' होती. फाइल देताना म्हणाली, "ताई, मीच तिकडे गेले तर?" मी मनात मोजलं: दोन तिथे, एक इथे. पास. ती हसली आणि सासूबाईंचं डायलिसिस आहे म्हणून लवकर निघाली.

फॉर्म 54 मध्ये सगळ्या मुलांची नावं आणि सध्याचे पत्ते लिहायचे असतात. मधल्याच्या रकान्यात मी 'ठावठिकाणा माहीत नाही' असं लिहिलं. काकू म्हणाल्या, घराचा पत्ता टाका. तो टाकता येत नव्हता. मग त्याच रकान्यात खाली 'शेवटचा ज्ञात पत्ता' असं लिहून घर नंबरापासून पिनकोडपर्यंत घराचा पत्ता घातला. त्यात खोटं काही नाही. त्यांनी तो बोट ठेवून दोनदा वाचला.

870 ची स्पॉन्सरशिप मंजूर झाल्याचं सांगायला फोन केला तेव्हा मेलबर्नच्या थंडीची यादी माझ्याकडे तयार होती. काकूंनी ती विचारलीच नाही. घराचा लँडलाइन तिकडच्या मोबाइलवर वळवता येतो का, एवढंच विचारलं. चौकशी करून सांगते म्हटलं. मुलीच्या मोबाइलवर वळवायची सोय आहे, असं कळलंय. उद्या त्या येणार आहेत.