आंबोलीचा पाऊस, रात्रीचे बेडूक आणि भिजलेला पेंटॅक्स के-७०

पावसाळ्यात आंबोलीला कॅमेरा घेऊन जायचं म्हटलं की दहातले आठ लोक तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेतात आणि तसाच गुंडाळलेला परत आणतात, फोटो सगळे मोबाईलवर. आंबोलीचा पाऊस म्हणजे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपासचा हिशोब, आणि बघण्यासारखं जे काही असतं ते सगळं त्या पावसातच असतं, पाऊस थांबायची वाट बघत बसलात तर लॉजच्या गॅलरीत चहा पिऊन परत याल. म्हणून ह्यावेळी मुद्दाम के-७० नेला आणि ठरवलं की बॅगेत ठेवायचाच नाही, गळ्यातच ठेवायचा. तो कसा वागला आणि तुम्ही जाणार असाल तर काय करा, ते लिहितोय.

आधी कॅमेऱ्याबद्दल थोडं. हा २०१६ चा मॉडेल, २४ मेगापिक्सेल, क्रॉप म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, बॅटरी-कार्डासकट ६८८ ग्रॅम. हातात घेतला की बुटका आणि गुटगुटीत वाटतो, पण ग्रिप खोल आहे, ओल्या हातातून सटकत नाही. आत शंभर ठिकाणी रबरी सील आहेत असं कंपनी सांगते. आता शंभर काय आणि सत्तर काय, ते आकडे मोजून कॅमेरा घेऊ नका, कारण त्याला आयपी रेटिंग, म्हणजे पाणी-धूळ किती सोसेल त्याचं प्रमाणित मोजमाप, वगैरे काही नाहीये, म्हणजे पावसात चालेल, पाण्यात बुडवायचा नाही. आणि मुख्य गोष्ट, लेन्स डब्ल्यूआर, म्हणजे पावसाला दाद न देणारी सील्ड, नसेल तर बॉडीच्या सीलचा उपयोग अर्धाच. डब्ल्यूआर लेन्सच्या माउंटपाशी लालसर रबराची रिंग दिसते, ती बघून घ्या. माझ्याबरोबर १८-१३५ डब्ल्यूआर झूम आणि अगदी जवळून फोटो काढायची १०० मॅक्रो डब्ल्यूआर ह्या दोनच होत्या. माझ्या छोट्या लिमिटेड प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या लेन्स, कितीही सुंदर असल्या तरी त्या सील्ड नाहीत, त्या घरीच ठेवल्या.

आम्ही कोल्हापूरकडून आजऱ्यामार्गे गेलो. मुंबईहून ट्रेनने येणार असाल तर सावंतवाडी रोडला उतरा, तिथून घाट चढून यावं लागतं. शनिवार-रविवार शक्यतो टाळाच, घाटातल्या मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग, स्पीकर, भजी, कणसं, भिजून नाचणारे ग्रुप आणि त्यांच्या मध्ये तुमची गाडी अडकलेली. सोमवार ते गुरुवार गेलात तर तोच धबधबा वेगळा वाटतो. तिथे १८-१३५ पुरते, पोलरायझर लावा, ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि हिरवा रंग नीट येतो. फिल्टर ६२ मिमीचा लागतो.

खरी परीक्षा कावळेसादला, दरीच्या कड्यावरच्या पॉइंटला, झाली. तिथे दरीतून वारा असा वर येतो की धबधब्याचं पाणी खाली न पडता उलटं आपल्या अंगावर येतं. छत्री तिथे निरुपयोगी, रेनकोटाच्या बाह्यांमधून पाणी वर शिरतं आणि कॅमेऱ्याला खालून, बाजूने, समोरून सगळीकडून फवारा बसतो. बराच वेळ तिथे उभा होतो, कॅमेऱ्यावरून पाणी ओघळत होतं, एक बटण अडकलं नाही की स्क्रीनवर काही चुकीचं आलं नाही. शेजारचा एक जण मोबाईल शर्टाला पुसून पुसून वैतागला होता, थेंब पडला की त्याची टचस्क्रीन आपोआप झूम व्हायची. के-७० ला टचस्क्रीनच नाहीये, घरी ही कमतरता वाटते, पावसात बटणं आणि डायलच बरे.

पण सील असलेल्या कॅमेऱ्याचा फोटो खराब व्हायचा असेल तर तो आतल्या पाण्याने नाही, समोरच्या काचेवरच्या एका थेंबाने होतो. व्ह्यूफाइंडरमध्ये तो थेंब कळतही नाही, फोटो मोठा करून बघितला की मधोमध धुरकट डाग. म्हणून लेन्स हूड सतत लावलेलाच ठेवायचा, लेन्स खाली करून चालायचं, आणि कोरडे मायक्रोफायबरचे कपडे खिशात न ठेवता झिपलॉक पिशवीत, एक-दोन नाही, भरपूर. ओला कपडा काचेवर फिरवला की पाणी नुसतं पसरतं. दुसरं म्हणजे १८-१३५ झूम केली की नळी बाहेर येते, तिच्यावर पाणी असताना ती तशीच आत ओढू नका, आधी पुसा. डोळा लावायच्या आयपीसवर वाफ धरते ती वेगळीच, आपल्याच श्वासाची, त्यावर उपाय नाही, लाइव्ह व्ह्यू लावून मागच्या स्क्रीनवर बघायचं.

धुक्यात ऑटोफोकस मागेपुढे करत बसतो, तेव्हा कठड्यावर किंवा जवळच्या झाडाच्या बुंध्यावर फोकस धरा. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप वाढवा नाहीतर धुकं सिमेंटसारखं राखाडी येतं. आणि गाडीत एसी लावून जाऊ नका, थंड लेन्स बाहेर काढली की आख्खी पांढरी होते आणि मग कितीतरी वेळ नुसती वाट बघायची.

दुपारी हिरण्यकेशीला जाऊन आलो. नदीचा उगम गुहेतून होतो, तिथेच मंदिर. २०२० साली इथल्या पाण्यातून शिस्टुरा हिरण्यकेशी नावाच्या माशाची नवीन जात नोंदवली गेली आणि पुढच्या वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. त्यामुळे पाण्यात उतरून फोटो काढायचा, माशांना काही खायला टाकायचं असले उद्योग करू नका. गुहेच्या तोंडाशी अंधार असतो, पण कॅमेऱ्यातच हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन असल्यामुळे हातात धरून १/१० सेकंदाला सुद्धा फोटो चालण्याइतके आले.

आता रात्र, म्हणजे ज्यासाठी गेलो ती. आंबोलीत रात्री एकटं फिरू नका, वाटाड्या घ्या, त्याला कुठल्या डबक्यावर काय बसतं ते माहीत असतं आणि साप कुठे असू शकतो हेही. आमच्याबरोबर आलेले काका पहिल्या दहा मिनिटांत दोनदा म्हणाले, "तुमचो कॅमेरो भिजता हा ओ." भिजू दे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बोलायलाच नको. नंतर मात्र छत्री त्यांनीच धरली, कॅमेऱ्यावर नाही, फ्लॅशवर. कारण आतला फ्लॅश वर उचलला की त्याच्यावर थेट पाऊस घ्यायचं धाडस मी तरी करत नाही. बाहेरचा फ्लॅश लावणार असाल तर आधी तो स्वतः सील्ड आहे का बघा, बहुतेक नसतात. तो लावणार नसाल तर हॉट शूवरची, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेवरची, छोटी काळी टोपी काढूच नका.

मलबार ग्लायडिंग फ्रॉग, म्हणजे आपला हिरवागार उडता बेडूक, डबक्यावर वाकलेल्या फांद्यांवर बसतो आणि तिथेच फेसाचं घरटं पानांमध्ये लटकवतो, पांढुरकं, मुठीएवढं, त्यातून पिल्लं खालच्या पाण्यात पडतात. आम्हाला एक नर अगदी डोळ्यांच्या उंचीवर मिळाला. बोटांमधले लालसर नारिंगी पडदे घट्ट मिटलेले, पाठीवर पावसाचे थेंब थरथरत नाहीत तर गोल बसून राहिलेले, आणि ओरडताना गळा फुगला की खालचा थेंब तुटून पडायचा. त्या थेंबासाठी मी किती वेळ गुडघ्यावर बसलो विचारू नका.

१०० मॅक्रो लेन्स काचेच्या बाबतीत झकास, पण तिला स्वतःची मोटर नाही, बॉडीतल्या मोटरवर चालते, त्यामुळे कर्र कर्र आवाज, आणि फोकस ठराविक अंतरातच फिरवायचा लिमिटरही नाही. अंधारात एकदा फोकस चुकला की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून येते, तोवर बेडूक पान बदलतो. सरळ मॅन्युअल करा. स्क्रीन बाजूला उघडून फिरवता येते, फोकस पीकिंग लावा म्हणजे फोकसमधल्या कडा स्क्रीनवर उठून दिसतात, अंतर ठरवून टाका आणि स्वतः पुढेमागे डुला. सेटिंग साधारण शटर १/१८०, अ‍ॅपर्चर एफ ११, आयएसओ ४००, फ्लॅशवर दुधाच्या पिशवीचा पांढरा तुकडा रबरबँडने. मॅक्रोचा हूड फ्लॅशच्या वेळी काढावा लागतो, नाहीतर फोटोत खाली त्याची सावली पडते. फ्लॅश नको असेल तर मित्राला बाजूने टॉर्च धरायला सांगा, आयएसओ १६००-३२०० पर्यंत हा सेन्सर बिनधास्त चालतो. स्क्रीन लाल करायचा नाइट व्हिजन मोड आहे, तो लावा, डोळे दिपत नाहीत आणि पुढची पायवाट दिसते.

पायवाट दिसणं महत्त्वाचं आहे, कारण सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावर, आंबोली टोड नावाचा बेडूक असतो. ही जात २००९ मध्ये नोंदवली गेली, ती आंबोलीच्या परिसरातल्या जांभ्या खडकांच्या सड्यावरचीच आणि अतिधोक्यातली. आकाराने एवढासा, रंगाने खडकासारखाच, बूट ठेवायच्या आधी टॉर्च मारा. रात्री गाडीही सावकाश चालवा, रस्त्यावर चिरडलेले बेडूक बघून जीव कळवळतो. प्राण्याला हात लावून पोझ द्यायला लावणारे फोटोग्राफर भेटतील, त्यांच्याबरोबर फिरू नका. मलबार पिट वायपर हा विषारी साप दिसला तर लांबूनच, १०० मिमी त्यासाठीच तर घेतलीये. जळवा लागतात, लांब मोजे घाला.

बॅटरीबद्दल सांगायलाच हवं, ती ह्या कॅमेऱ्याची दुबळी बाजू. लाइव्ह व्ह्यू आणि फ्लॅश दोन्ही वापरले की फटाफट उतरते, आणि पॉवर बँकेवर कॅमेऱ्यातच चार्ज होत नाही, काढून चार्जरलाच लावावी लागते. पावसात आंबोलीत लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून परत आल्या आल्या, जेवायच्याही आधी, बॅटरी चार्जिंगला. जास्तीच्या डी-एलआय १०९ बॅटऱ्या दोन तरी ठेवा. बॅटरी आणि कार्डाची दारं उघडायची ती फक्त खोलीत, हात आणि बॉडी दोन्ही कोरडे करून, कारण दार उघडलं की सीलचा विषय संपला. लेन्स बदलणंही तसंच, म्हणून आम्ही दिवसा झूम आणि रात्री मॅक्रो एवढंच ठेवलं, मध्ये अदलाबदल नाही.

रात्री खोलीवर कॅमेरा टॉवेलने पुसून पंख्याखाली ठेवायचा, ओली बॅग बंद करून त्यात कोंबायचा नाही. घरी आल्यावर चांगला वाळवून मगच सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात. पावसाने कॅमेरा जाईल ही भीती लोकांना फार असते, पण कोकणात-घाटात लेन्स मरतात त्या बुरशीने, आणि ती ऑगस्टमध्ये कपाटात बसून लागते.

नवीन घ्यायचा का विचाराल तर आता तो जुन्या बाजारातच शोधावा लागतो, मुंबईत बोरा बझारला चक्कर मारा. बघताना एफ ८ वर लागोपाठ दहाबारा फोटो काढा, एखादा उगाच काळपट आला तर अ‍ॅपर्चरचं, म्हणजे लेन्समधलं भोक लहानमोठं करणाऱ्या यंत्रणेचं, काम निघणार, तो घेऊ नका. बॅटरीच्या दाराचं रबर बोटाने चाचपून बघा, कडक झालं असेल किंवा भेग असेल तर सील नावालाच. आणि बजेट तुटपुंजं असेल तर भारीतली बॉडी सोडा, स्वस्त बॉडी आणि डब्ल्यूआर मॅक्रो घ्या.