गाडी सापडली, क्लेम अडकला

विमा कंपनीसाठी गाडीचोरीच्या क्लेमचा तपास करतो म्हटलं की लोकांना वाटतं, मी गाड्या शोधत हिंडतो. तसं काही नसतं. एफआयआर कधी झाली, दोन्ही ओरिजिनल चाव्या आहेत का, डुप्लिकेट काढताना मशीनची पिन फिरून चावीच्या कडेला बारीक रेघ उमटलीय का, शेजारीपाजारी काय सांगतात, एवढं बघून रिपोर्ट द्यायचा. गाडी शोधायचं काम पोलिसांचं.

नाशिकच्या सिडकोत उत्तमनगरला दारासमोरून पांढरी स्विफ्ट गेली. मालक अंबडच्या कारखान्यात फिटर. सकाळी उठून थेट पोलीस ठाण्यात गेला, कंपनीला मात्र अकराव्या दिवशी कळवलं, कारण एजंट म्हणाला, "आधी सापडते का बघू." या एजंट मंडळींनी बुडवलेले क्लेम मोजायला बसलो तर वही पुरायची नाही. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, 4 लाख 10 हजार, कर्जाचे हप्ते चालू.

कागद सगळे पुरे होते. चोरी खरी पण तपास लागला नाही, अशी पोलिसांची अ-समरी कोर्टाने गणपतीच्या आधी मंजूर केली. आरटीओचे 28, 29 आणि 30 नंबरचे फॉर्मही त्याने सह्या करून दिले होते. पैसे दिल्यावर गाडी सापडली तर ती कंपनीच्या ताब्यात जावी, म्हणून या सह्या आधीच घेऊन ठेवतात.

माझा रिपोर्ट स्वच्छ होता. तरी कंपनीच्या क्लेम डेस्कवरच्या साहेबांनी उशिरा कळवल्याचं कारण काढून फाइल दाबून ठेवली. एफआयआर लगेच झाली असेल तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावरून चोरीचा क्लेम नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात सांगितलंय. निकालाची प्रत जोडली. उत्तर आलं, "नाकारलाय कुठे? विचाराधीन आहे."

थंडीत एका अपघाताच्या फाइलसाठी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात गेलो. जप्तीच्या गाड्यांत गुजरात पासिंगची एक स्विफ्ट उभी होती, दिवाळीनंतर दारूच्या केसमध्ये पकडलेली. मागच्या काचेवरचं स्टिकर खरवडलेलं, पण सप्तशृंगीच्या मुकुटाची कड काचेला तशीच चिकटलेली. हे स्टिकर मी फाइलमधल्या फोटोत पाहिलं होतं. हवालदारांना गळ घालून बॉनेट उघडलं. चासी नंबर ग्राइंडरने उडवलेला. इंजिन नंबरवर काळं तेल साचलं होतं, ते डिझेलच्या फडक्याने पुसलं, वर कागद धरून पेन्सिल फिरवली. एकेक आकडा आरसीशी जुळत गेला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी हवेत होतो.

मालकाला फोन केला तर तो रडायलाच लागला. कंपनीतून शाबासकी आली. आठवड्याभरात साहेबांचं पत्रही गेलं: वाहन मिळालेले असल्याने चोरीचा क्लेम निकाली, नुकसानीचा क्लेम वेगळा करावा. जे साहेब महिनोन् महिने विचार करत होते, त्यांना या पत्राला फार विचार लागला नाही.

कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करतो अशा हमीवर, गाडी सुटली. सीट, स्टिरिओ, वायरिंग, चारही टायर गायब. वर्कशॉपचं एस्टिमेट 2 लाख 90 हजार. दुरुस्ती आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर, म्हणजे इथे 3 लाख साडेसात हजारांवर गेली असती, तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पुरती गेली असं धरली असती. साडेसतरा हजार कमी पडले. वर घसारा: टायर आणि प्लास्टिकला 50 टक्के, सहा वर्षांची गाडी म्हणून पत्र्याला 40 टक्के. हातात निम्म्याच्या आसपास येईल.

तो मला एवढंच म्हणाला, "साहेब, गणपतीत पैसे दिले असते तर ही गाडी त्यांची असती ना?" मी हो म्हणालो.

कंपनीच्या तक्रार विभागाने हात झटकले. आता तो पुण्याच्या विमा लोकपालाकडे जातोय. कुठला कागद कधी दिला आणि फाइल कुठे किती पडून राहिली, हे मी माझ्या सहीने लिहून द्यावं असं त्याचं म्हणणं. सगळ्या तारखा माझ्या डायरीत आहेत. मी त्याच कंपनीच्या तपासनीसांच्या पॅनेलवर आहे, आणि पॅनेलचं नूतनीकरण मार्चमध्ये असतं. त्याचा अर्ज पुढच्या आठवड्यात जायचाय, मी अजून हो किंवा नाही काहीच कळवलेलं नाही.