रशियन शे? मंग ऱ्हाऊ द्या

जळगाव असो, धुळं असो की अमळनेर, घड्याळवाल्याच्या काचेच्या टेबलावर चावीचं रशियन घड्याळ ठेवलं की पुढची दोन मिनिटं साधारण ठरलेली असतात. काका घड्याळ उचलतात, कानाला लावतात, चावी दोन आटे फिरवून बघतात, उलटं करतात. पाठीवरची रशियन अक्षरं दिसली की हात आखडतो. "रशियन शे? मंग ऱ्हाऊ द्या, भाऊ. पार्ट भेटत नही."

हे ऐकून निमूट घरी येणारे पुष्कळ. पण या एका वाक्याआड तीन-चार निरनिराळे नकार असतात, आणि पार्टांचा त्यातला एकच. दुसरा हिशेबाचा. सेल बदलायला पाच मिनिटं लागतात आणि रोख पैसे मिळतात. चावीचं मशीन खोलून, धुऊन, तेल देऊन परत बसवायला अर्धा दिवस जातो आणि वर पंधरा दिवस गिऱ्हाइकाचं "मागे पडतंय, पुढे पळतंय" ऐकावं लागतं. तिसरा नजरेचा. पासष्टी ओलांडलेला माणूस मोतीबिंदूची गोष्ट चारचौघांत सांगत नाही, पार्टांवर ढकलतो. चौथा असा की पूर्वी एखादं रशियन घड्याळ त्याने खोललं होतं आणि ते अंगाशी आलं होतं. आपल्या वाट्याला यातला कोणता नकार आलाय ते ओळखल्याशिवाय पुढच्या दुकानाची पायरी चढू नये. हिशेबाचा असेल तर "घाई नाही, महिनाभर ठेवा, मजुरी तुम्ही म्हणाल ती" एवढ्यावर निम्मं काम होतं. लग्नसराईत मात्र जाऊच नये. अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आगेमागे ही दुकानं भेटवस्तूंच्या भिंतीवरच्या घड्याळांनी भरलेली असतात. पावसाळ्यात, गिऱ्हाईक तुरळक असताना, काकांना गप्पाही हव्या असतात आणि कामही.

मशीनची भीती तर अगदीच अनाठायी. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनचं तंत्र घेऊन बंगळूरला घड्याळं काढली. पोबेदा या रशियन घड्याळाचं मशीन फ्रान्सच्या लिप कंपनीच्या आर-26 वरून उतरलेलं. मॉस्कोच्या पहिल्या कारखान्याची यंत्रं तर 1930 च्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायोच्या बंद पडलेल्या कंपनीकडून विकत घेतलेली. म्हणजे रशियन म्हणून काही वेगळी जादू नाही. स्प्रिंगचं बॅरल, चाकांची ओळ, ठोके देणारं पॅलेट, मागेपुढे झुलणारं बॅलन्सचं चाक हा क्रम ज्याच्या बोटांत एचएमटी जनता खोलून खोलून बसलाय, त्याला पोबेदा किंवा राकेता परकी नाही.

परका असतो तो नंबर. पाठ उघडली की बॅलन्सच्या चाकाखाली किंवा शेजारी चार आकडे कोरलेले दिसतात. पहिले दोन मशीनचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात, पुढचे दोन त्यात काय काय आहे ते. 2409 म्हणजे 24 मिलिमीटरचं, मधोमध सेकंदकाटा आणि धक्का सोसणारा बॅलन्स. 2414 मध्ये तारीख आली, 2416 मध्ये तारीख आणि ऑटोमॅटिक दोन्ही. 2602 म्हणजे जुनी पोबेदा, सेकंदाचा काटा खाली छोट्या वर्तुळात आणि धक्क्यापासून संरक्षण काहीच नाही. फसगत होते ती इथे: ही पद्धत सगळ्या सोव्हिएत कारखान्यांना मिळून एकच होती. राकेताचं 2609 आणि पोल्योतचं 2609 यांचा आकडा एक, मशीनं वेगळी. एकाचा पार्ट दुसऱ्यात बसत नाही. म्हणून पार्ट शोधताना नंबर आणि कारखाना, दोन्ही लागतात. मोबाइलवर मशीनचा स्वच्छ फोटो काढून नेला तर काकांचं अर्धं काम आपणच केल्यासारखं होतं.

पार्टांचा नकार खरा निघाला तर एकच उपाय: त्याच मशीनचं दुसरं, मोडीत निघालेलं घड्याळ मिळवायचं. 2022 नंतर रशियातून थेट मागवणं कटकटीचं झालंय. त्यापेक्षा मुंबईच्या जुन्या बाजारातून किंवा ऑनलाइन बंद पडलेलं घड्याळ घेणं सोपं. पोबेदा हातातून पडली की बहुतेक वेळा बॅलन्सच्या स्टाफचं, म्हणजे त्याच्या आसाचं, टोक मोडतं, मग घड्याळ उताणं ठेवलं की चालतं आणि पालथं ठेवलं की थांबतं. नवा स्टाफ बसवणारे हात आता कमी उरलेत. मोडीतल्या घड्याळाचा अख्खा बॅलन्स त्याच्या बारीक वेटोळ्या हेअर स्प्रिंगसकट उचलून बसवणं कुठल्याही चांगल्या कारागिराला जमतं. असं घड्याळ घेताना डायलच्या चकाकीला भुलू नये. गडद रंगाची नवी डायल चढवलेल्या घड्याळाच्या पोटात गंजलेलं मशीन निघू शकतं. पाठ उघडलेला फोटो न देणाऱ्या विक्रेत्याच्या नादी लागूच नये.

व्होस्तोकबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आजही नवं मिळणारं आणि दुकानात सर्वांत जास्त घोळ घालणारं घड्याळ तेच. लढाई मॉस्कोच्या दिशेने सरकली तेव्हा 1941 मध्ये तिथल्या दुसऱ्या कारखान्याची यंत्रं तातारस्तानातल्या चिस्तोपोलला हलवली, त्यातून हा कारखाना उभा राहिला. त्यांचं 1967 चं अँफिबिया हे पाण्यात बुडी मारणाऱ्यांचं घड्याळ. त्याची चावी आटे सोडवून मोकळी केली की लुळी पडल्यासारखी हलते. घड्याळवाला बघताक्षणी म्हणतो, चावीची आतली दांडी गेली. काही गेलेलं नसतं. चावीवर बसलेला दणका थेट मशीनपर्यंत जाऊ नये म्हणून तो जोड मुद्दाम सैल ठेवलाय. पाठही दोन भागांची: आत सपाट चकती आणि तिला दाबून धरणारी खाचांची रिंग. फिरवायची ती फक्त रिंग. चकतीला कडेला छोटे कान असतात, ते केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या घराच्या, खाचेत बसतात, त्यामुळे चकती फिरत नाही आणि खालचं जाड रबर मुरगळत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस मधल्या चकतीलाच पकड लावतो, पाना घसरतो आणि पाठीवर कायमचा ओरखडा उमटतो. बंद करताना कान खाचेत बसले नाहीत तर पाणी आत जाणार, हे ठरलेलं.

व्होस्तोकची दांडी काढायला मशीनवरचं बारीक बटण हलकेच दाबायचं असतं. जोर जास्त झाला की आतली लिव्हर जागा सोडते. मग चावी आत जाते, फिरते, पण काटे हलत नाहीत, आणि काटे-डायल काढल्याशिवाय ती परत बसत नाही. पुष्कळ जुन्या घड्याळांत बटणाऐवजी स्क्रू असतो, तो एक-दीड आटा सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. काही लोक तारखेवरूनही घड्याळ नादुरुस्त ठरवतात. 2414 आणि 2416 मध्ये तारीख झटपट बदलायची सोयच नाही. रात्रीचे बारा ओलांडायचे, काटे मागे आठच्या आसपास आणायचे, पुन्हा बारा ओलांडायचे. हवी ती तारीख येईपर्यंत हेच.

नकार देणाऱ्यापेक्षा घाबरायला हवं ते लगेच हो म्हणणाऱ्याला. "आत्ता करून देतो, बसा" असं म्हणून तो पाठ उघडतो, तोंडाने फुंकर मारतो आणि वरून तेलाचा थेंब सोडतो, तेही शिलाई मशीनचं. फुंकरीबरोबर ओल जाते आणि पोलादी भाग गंजायला लागतात. तेल जुन्या चिकट्यात आणि धुळीत मिसळतं, पसरत हेअर स्प्रिंगपर्यंत पोहोचतं, तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट पुढे पळतं. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, वर दुकानाला पत्रा. पातळ तेलाला पसरायला आणखी काय हवं? हेच लक्षण चुंबक लागल्यानेही दिसतं, म्हणून पळणारं घड्याळ खोलण्याआधी चुंबक उतरवून बघावं. होकायंत्राची सुई घड्याळाजवळ हलली तर शंका खरी.

चांगल्या कारागिराचं टेबलच बोलतं. खोललेल्या पार्टांवर उपडी काचेची वाटी असते, स्क्रूड्रायव्हरची टोकं घासलेली असतात, तेलाच्या सुया दोन-तीन जाडीच्या असतात. पॅलेट हलवण्याआधी तो स्प्रिंगचा ताण उतरवतो. स्लावा या रशियन घड्याळात तर चावी दिल्यावर ताणल्या जाणाऱ्या दोन मेन स्प्रिंगा असतात. एकच साफ करून दुसरी तशीच ठेवणारे महाभाग आहेत, म्हणून आधीच विचारून घ्यावं. तेल चाकांच्या आसाचं टोक जिथे फिरतं त्या खड्याच्या वाटीत अर्ध्याच्या थोडं वर, चाकांच्या दातांना अजिबात नाही. ठोके मोजणारं टायमिंग मशीन असेल तर व्होस्तोकला तासाला 19800 ठोक्यांवर लावायला सांगावं; एचएमटी जनताच्या 18000 वर ते राहिलं तर पडद्यावर भलतंच दिसतं.

घड्याळ देतानाच काय करायचं नाही तेही बोलून ठेवावं. डायलला रंग नको, काटे बदलायचे नाहीत, केसला बफ (चाकावर घासून चकाकी) नको. केसवर एयू 20 असं कोरलेलं असेल तर सोन्याचा थर 20 मायक्रॉनचा आहे. बफच्या चाकाखाली तो जायला वेळ लागत नाही आणि खालचं पितळ उघडं पडतं. काच प्लॅस्टिकची असते, तिचे ओरखडे पॉलिशने निघतात, बदलायची गरज क्वचितच. पोल्योतचं 3133, म्हणजे स्टॉपवॉचचं मशीन, गल्लीतल्या दुकानात द्यायचंच नाही. ते स्वित्झर्लंडच्या व्हॅल्जू 7734 वर बेतलेलं आहे आणि त्याची जुळणी रोजच्या हाताची नाही.

घड्याळ परत घेताना उताणं, पालथं आणि चावी खाली अशा तिन्ही अवस्थांत एकेक रात्र चाललेलं बघून घ्यावं. व्होस्तोकचा कारखानाच दिवसाला उणे 20 ते अधिक 60 सेकंद चालेल म्हणतो. मोबाइलशी सेकंद जुळवत काकांच्या डोक्याशी बसण्यात अर्थ नाही. काढलेले जुने पार्ट मात्र मागून घ्यावेत. आणि मोडीतल्या घड्याळाचं जे उरलं असेल ते पुडीत बांधून, वर नंबर आणि कारखाना लिहून, काकांच्याच खणात ठेवायला द्यावं. चाळीसगावचा किंवा शहाद्याचा कोणी 2602 घेऊन आला, तर त्याला स्टाफसाठी मुंबई गाठावी लागणार नाही.